अर्धी साक्ष

बाळकुमची मंजुळा लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात सासूच्या मागोमाग ठाण्याच्या बाजारात म्हावरा घेऊन बसली. पुढे सासू गेली आणि तिची जागा मंजुळेची झाली. जागा म्हणजे भांडी गल्लीच्या तोंडाशी, गटाराच्या कडेला चार हात जमीन. अशा बाराजणी तिथे ओळीनं बसायच्या. वर छप्पर नाही, हाताशी नळ नाही. पावसाळ्यात डोक्यावर प्लास्टिक बांधायचं, उन्हाळ्यात गोणपाट भिजवून म्हावऱ्यावर टाकायचं आणि पाणी समोरच्या हरिहर शेठच्या दुकानातून मागून आणायचं. हरिहर शेठचं तांब्यापितळेच्या भांड्यांचं दुकान होतं. स्वतः माळकरी, पण त्यानं कोळणींना पाण्याला कधी नाही म्हटलं नाही. बादली उंबऱ्याच्या आत आणायची नाही, एवढीच अट.

मंजुळेचा नवरा भिवाजी आधी खाडीत जाळी टाकायचा. मग वरच्या कारखान्यांचं पाणी खाडीत यायला लागलं, निवट्या आणि चिंबोऱ्या गेल्या, जाळ्याला रॉकेलसारखा वास मारायला लागला. भिवाजीनं होडी उलटी करून ठेवली ती ठेवलीच. नंतर बाळकुमला उभ्या राहिलेल्या एका नव्या कॉम्प्लेक्सच्या फाटकावर तो वॉचमन झाला. घर चालायचं ते मंजुळेच्या पाटीवर. ती पहाटेच भाऊच्या धक्क्यावर जाऊन माल आणायची आणि आठ वाजता ठाण्यात हजर असायची.

तिच्याकडे गिऱ्हाईक जास्त यायचं, कारण तिला गोष्ट सांगता यायची. सुरमई कापता कापता ती कुणाच्या लग्नातली फजिती सांगायला लागली की पाव किलो घ्यायला आलेली बाई अर्धा किलो घेऊन जायची. शेजारच्या कोळणी म्हणायच्या, "मंजुळे, तुज्या तोंडावर म्हावरा इकतो गो, आमचा नुसता वास सुटतो."

या बायकांच्या पाठीमागे पालिकेचं जुनं प्रसूतिगृह होतं. नवा दवाखाना झाल्यापासून ते बंद पडलेलं. कौलारू, बैठं, पुढे लांब पडवी. त्या पडवीत पंच्याऐंशी साली शालू राहायला आली. जालन्याकडची बाई, विशी-बाविशीची. नवऱ्यानं गावाहून कामाला म्हणून आणलं आणि स्टेशनवर बसवून निघून गेला. पोटात सहावा महिना. तिनं आठवडाभर वाट पाहिली, मग बाजारात काम शोधायला लागली. कोळणींच्या पाट्या धुवायची, गिऱ्हाइकांची कोळंबी सोलून द्यायची. बदल्यात कोण दोन बांगडे द्यायचं, कोण भाकरी.

मार्गशीर्षात एके सकाळी शालू पडवीतच अडली. दवाखान्यात न्यायला टांगा मिळेपर्यंत वेळच नव्हता. कोळणींनी लुगड्यांचा आडोसा केला. मंजुळेनं समोरच्या न्हाव्याकडून कोरं ब्लेड मागवलं, ते उकळत्या चहाच्या पाण्यात बुडवलं आणि नाळ कापली. मुलगी झाली. बंद प्रसूतिगृहाच्या पडवीत बाळंतपण झालं म्हणून बाजार दिवसभर हसत होता. पोरीचं नाव शालूनं कुंदा ठेवलं. बारशाला गूळखोबरं हरिहर शेठच्या घरून आलं.

नंतरची दोन वर्षं तशीच गेली. शालू मंजुळेला मावशी म्हणायची. मंजुळाही तिच्याशी बरी वागायची. बरी म्हणजे, जशी पडवीतल्या बाईशी वागतात तशी. जुनं लुगडं द्यायचं, उरलेलं कालवण द्यायचं, पण बाळकुमच्या घरी कधी नेलं नाही.

सत्त्याऐंशीच्या गणपतीआधीच्या रविवारी मंजुळेनं आपली नात हंसा बाजारात आणली होती. हंसा चार वर्षांची. तिला मखर बघायचं होतं. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. मंजुळा एका गिऱ्हाइकाशी बोंबलांचा भाव करत होती, आणि मागे वळून बघते तर पोर नाही. पाटी तशीच टाकून ती धावली. फुलबाजार झाला, कापडबाजार झाला. ऊर फुटायची वेळ आली तेव्हा स्टेशनच्या वाटेवर तिला हंसा दिसली. पोर रडत होती, मागे रेटत होती, आणि एक बाई तिचा हात धरून तिला ओढत नेत होती. ती शालू होती.

त्या क्षणी मंजुळेच्या डोक्यात जे यायचं ते आलं. तिनं शालूचं मनगट धरलं आणि हात उगारला. पण शालूनं तिला पाहिलं मात्र, आणि हंसाला दोन्ही हातांनी उचलून उंच धरलं. "मावशी! आहो, मी किती शोधलं तुम्हाला. ही पार पुलाखाली गेली होती, गाडीच्या चाकापाशी. नाव सांगंना की गाव सांगंना. म्हटलं ठेसनातल्या माईकवर सांगावं, तर यायलाच तयार न्हाई." हंसाच्या हातात अर्धं खाल्लेलं केळं होतं. शालूनं घेऊन दिलेलं.

मंजुळेचा उगारलेला हात खाली आला. तिनं शालूला पोटाशी धरलं आणि भररस्त्यात रडली. त्या दिवशी तिनं शालूला अख्खी पापलेटची जोडी दिली.

त्याच हिवाळ्यात सुमेधा नावाची एक शिक्षिका बाजारात फिरायला लागली. ती आणि तिच्या दोघी-तिघी मैत्रिणी रस्त्यावर झोपणाऱ्या बायकांची यादी करत होत्या. बंद प्रसूतिगृह उघडून तिथे बेघर बायका-मुलांसाठी निवारा करावा, तीस खाटा, दोन संडास, एक स्वयंपाकघर, असा तिचा अर्ज पालिकेनं विचारात घेतला होता. शालूला ही बातमी कळली त्या दिवशी ती प्रत्येक पाटीपाशी जाऊन सांगत होती, "मावशी, दाराला आतून कडी असणार हाय म्हणे."

बातमी गल्लीतही पसरली, आणि भांडी गल्ली तापली. दुकानदार, मागच्या दोन चाळी आणि कोपऱ्यावरची नवी सोसायटी, सगळे हरिहर शेठच्या दुकानात जमले. आज तीस येतील, उद्या तीनशे. गिऱ्हाईक या गल्लीत पाऊल टाकणार नाही. पोरीबाळींनी जायचं कसं? निवारा करावा, जरूर करावा, पण गावाबाहेर, माजिवड्याच्या पलीकडे करावा, तिकडे जागा पडलीय की. कुणी वाईट बोलत नव्हतं. सगळे काळजीनंच बोलत होते.

दुसऱ्या दिवशी हरिहर शेठ स्वतः गटार ओलांडून मंजुळेकडे आला.

"मावशी, तुमच्या मच्छी बाजाराचा अर्ज किती वर्षं पडून आहे?"

"सासू होती तवाचा हाय."

"या जागेवर निवारा झाला, तर तो अर्ज मेला म्हणून समजा. निवारा नाही झाला, तर आम्ही सगळे व्यापारी मिळून तुमचा अर्ज पुढे रेटतो. बारा ओटे, वर पत्रे, नळ. माझा शब्द."

"मंग आमी काय कराचा?"

"सुनावणी आहे. आम्ही बोललो तर म्हणतील, हे पैशेवाले. तुम्ही इथल्या मूळच्या. तुम्हाला काय त्रास होतो तेवढं सांगा. खोटं सांगू नका. आहे तेच सांगा."

मंजुळा घरी जाऊन विचार करत राहिली. त्रास तसा काही नव्हता. एक म्हातारी बडबडायची, एक बाई कधीमधी मासा उचलायची. पण ओटा! गुडघे उभे धरून बसता बसता तिचे सांधे गेले होते. सासू त्याच गटाराच्या कडेला खोकून खोकून संपली. सुनेला तरी या चिखलात बसायला लागू नये, असं तिला मनापासून वाटत होतं. यात पाप ते काय?

सुनावणी पालिकेच्या सभागृहात दुपारी झाली. पंख्याखाली साहेब बसले होते. एका बाजूला गल्ली, दुसऱ्या बाजूला सुमेधा. मागच्या बाकावर सुमेधानं आणलेल्या सात-आठ बायका होत्या. त्यांत शालू होती, धुतलेलं लुगडं नेसलेली, मांडीवर दोन वर्षांची कुंदा.

सुमेधा चांगलं बोलली. दुकानदार बोलले. सोसायटीतले एक गृहस्थ इंग्रजीत बोलले. साहेब घड्याळ बघायला लागले. मग हरिहर शेठनं मंजुळेला खूण केली.

मंजुळा उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा तिला काय बोलावं सुचेना. सगळे तिच्याकडे बघत होते. आणि घाबरलेलं माणूस हातात असेल ते पुढे करतं, तसं तिनं तिला येत होतं ते केलं. तिनं गोष्ट सांगायला सुरुवात केली.

"गनपतीच्या आदीचा आयतवार होता साहेब. बाजारान मुंगीला वाट नाय. माजी नात हंसा, चार वर्सांची, माज्या मागं बसलेली..."

मागच्या बाकावर शालूनं पदर नीट केला. शेजारणीला कोपरानं ढोसलं. ही गोष्ट तिची होती. मावशी सगळ्यांसमोर तिची गोष्ट सांगत होती.

मंजुळेचा आवाज लागला. सभागृह शांत झालं. तिनं फुलबाजार सांगितला, कापडबाजार सांगितला, छातीतली धडधड सांगितली. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं तोंडाला पदर लावला. "आनि ष्टेशनच्या वाटंवर बघतंय तर काय! माजी पोर रडतंय, आनि एक बाई तिचा हात धरून तिला वडत नेतंय. आमच्याच बाजारान झोपनारी बाई!"

तिनं श्वास घेतला. नेहमीसारखा, पुढचं वाक्य जोरात पडावं म्हणून घेतात तसा. तेवढ्यात सभागृह उसळलं.

"बघा! मुलं पळवतात!"

"हे पाहिजे का गल्लीत?"

"पोलिसात द्या आधी!"

साहेबांनी टेबलावर हात आपटला. हळूहळू आवाज बसला. सगळीकडे पुन्हा शांतता झाली, आणि साहेब पुढे वाकून म्हणाले, "बाई, पुढे काय झालं?"

ही वेळ मंजुळेला नंतर आयुष्यभर दिसत राहिली. पुढचं वाक्य तिच्या जिभेवर होतं. गलका विरला होता. साहेब वाट बघत होते. तिनं हरिहर शेठकडे पाहिलं, मागे बसलेल्या आपल्या अकराजणींकडे पाहिलं. मागच्या बाकाकडे तेवढं पाहिलं नाही.

"पुडं काय साहेब," ती म्हणाली, "पोर माजी. मी आनली." आणि खाली बसली.

त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

बाहेर येताना हरिहर शेठनं तिला हात जोडले. शालू आधीच निघून गेली होती. सुमेधा तेवढी दारात उभी होती. तिनं विचारलं, "मावशी, ती बाई कोण?" मंजुळा म्हणाली, "आता काय आठवतंय?" आणि पायऱ्या उतरली.

घरी भिवाजीला तोवर सगळं कळलं होतं. जेवता जेवता तो एवढंच म्हणाला, "त्या पोरीनं आपल्या हंसाला आनून दिलेली ना गो?"

"गप रावा. जेवा."

भिवाजी जेवला. तो विषय त्यानं पुन्हा कधी काढला नाही.

तिसऱ्या दिवशी एक हवालदार बाजारात आला. बरोबर शालू, तिच्या कडेवर कुंदा. ती बाई म्हणजे पडवीतलीच असणार, असं धरून गल्लीतून कुणीतरी तक्रार केली होती. हवालदार काही वाईट माणूस नव्हता. कंटाळलेला होता. त्यानं पाट्यांसमोर उभं राहून विचारलं, "ही पोर हिचीच आहे असं सांगणारं कोणी आहे का इथे? हिच्याकडे कागद नाही, दाखला नाही. आणि हिच्यावर पोर पळवल्याचा संशय."

अकराजणींनी मंजुळेकडे पाहिलं. नाळ तिनं कापली होती.

मंजुळेला कळत होतं की एका शब्दाचं काम आहे. पण तो शब्द बोलला की पुढचा बोलावा लागणार. हिला तू इतकी ओळखतेस, हिचं बाळंतपण केलंस, तर मग सभेत सांगितलेली ती बाई कोण? आणि मग ओटे, शेठचा शब्द, बाराजणींचं छप्पर, सगळंच उलटणार. ती वाकली आणि म्हावऱ्यावर पाणी शिंपडायला लागली. बाकीच्या अकराजणीही मग आपापल्या पाटीत बघायला लागल्या.

शालूनं फक्त मंजुळेच्या हाताकडे पाहिलं, पाणी शिंपडणाऱ्या. कुंदा मंजुळेला बघून "मावछी, मावछी" करत होती. हवालदार त्यांना घेऊन गेला. चार दिवसांनी कुणीतरी सांगितलं, पोरीला लांबच्या बालगृहात टाकलं, आईला सोडून दिलं. शालू त्यानंतर ठाण्याच्या बाजारात दिसली नाही.

निवाऱ्याचा प्रस्ताव बारगळला. हरिहर शेठनं शब्द पाळला. नव्वद साली जुनं प्रसूतिगृह पाडून तिथे मच्छी बाजार झाला. बारा ओटे, पांढऱ्या फरशा, वर पत्रे, दोन नळ. पहिला ओटा मंजुळेचा. उद्घाटनाला तिच्या हस्ते नारळ फोडला. शालूची पडवी जिथे होती, नेमक्या त्याच जागेवर तिचा ओटा आला होता. हे दुसऱ्या कुणाच्या लक्षात आलं नसेल. तिच्या पहिल्याच दिवशी आलं.

ओट्यावर गुडघे दुखायचे थांबले. धंदा वाढला. पण गिऱ्हाइकांना वाटायला लागलं की मंजुळा पूर्वीसारखी राहिली नाही. गोष्ट सुरू करायची आणि मध्येच विचारायची, "सुरमई देऊ का?" पुढे पुढे तिनं गोष्टी सुरूच करायच्या सोडल्या. बाया म्हणाल्या, वय झालं. तिलाही तसं म्हणायला सोपं गेलं. बेघर बाया दुकानांच्या फळ्यांखाली तशाच झोपायच्या. सकाळी येताना मंजुळा त्या बाजूनं यायची नाही, वळसा घालून मासुंदा तलावाकडून यायची.

सभेला अशी नऊ वर्षं झाली.

घरात मात्र ती गोष्ट वाढत होती. सून त्या रविवारी माहेरी होती, म्हणून तिनं ती ऐकली होती सभेतल्यासारखीच, अर्धी. सुनेनं ती हंसाला सांगितली. हंसानं तिला आणखी हातपाय लावले. सत्त्याण्णव साली हंसा नववीत होती. शाळेत 'माझी आजी' या विषयावर निबंधस्पर्धा झाली आणि हंसाला पहिलं बक्षीस मिळालं. बक्षीस समारंभाला आजीला पुढच्या खुर्चीवर बसवलं. हंसानं माइकवर वाचलं, "माझी आजी शाळेत गेली नाही, पण ती वाघीण आहे. मुलं पळवणाऱ्या बाईच्या हातून तिनं मला हिसकावून आणलं. म्हणून मी आज तुमच्यासमोर उभी आहे." टाळ्यांचा कडकडाट झाला. बाईंनी मंजुळेला उभं केलं आणि पुन्हा टाळ्या वाजल्या.

मंजुळा घरी आली आणि तिनं अंथरूण धरलं. ताप नव्हता, काही नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं हंसाला जवळ बसवलं आणि सगळं सांगितलं. केळ्याचं, पुलाखालच्या चाकाचं, पापलेटच्या जोडीचं, सभेचं, हवालदाराचं. हंसा ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे मी सगळ्या शाळेसमोर खोटं बोललेली?" आणि आठ दिवस आजीशी बोलली नाही.

त्यानंतर मंजुळा सुमेधाचा पत्ता काढत तिच्या घरी गेली. सुमेधाचे केस पिकायला लागले होते. तिनं ऐकून घेतलं. रागावली नाही, चहाही विचारला नाही. म्हणाली, "मला तेव्हाच कळलं होतं मावशी. शालूनं त्याच संध्याकाळी सांगितलं. मी म्हटलं, आपण लेखी देऊ. ती म्हणाली, मावशी स्वतः येऊन सांगतील, त्यांची काहीतरी अडचण असेल. तुमची वाट बघितली तिनं. दोन दिवस. मग तिसऱ्या दिवशी तो हवालदार."

"आता कुटं हाय ती?"

सुमेधानं कल्याणच्या घाऊक बाजारातल्या एका गाळ्याचं नाव सांगितलं.

सोमवारी म्हावरा फारसा खपत नाही. त्या सोमवारी मंजुळा कल्याणला गेली. धान्याच्या बाजारात पोत्यांच्या थप्प्यांमध्ये दहा-बारा बायका तूर चाळत होत्या. भुशाच्या धुरळ्यात तिला आधी कुणी ओळखू येईना. शालूनंच तिला ओळखलं. ती तिशीच्या पुढे गेली होती, दिसत होती पंचेचाळिशीची. तिनं चाळण खाली ठेवली, पदरानं तोंड पुसलं.

"मावशी," ती म्हणाली. इतक्या वर्षांनी तोच शब्द, सवयीनं आलेला.

मंजुळेनं येताना मनाशी बरंच जुळवलं होतं. त्यातलं काही आठवेना. "शालू, मी पुडचं सांगितला नाय," एवढंच ती म्हणाली.

"मला ठाव हाय. मी तिथंच होते."

"तू का नाय उटलीस गो? तू का नाय बोललीस?"

हे बोलता बोलताच तिला स्वतःची लाज वाटली. शालूनं उत्तर दिलं, पण रागानं नाही. "मी बोलून कोण ऐकणार व्हतं? तुमी बोलला, तर ऐकलं की सगळ्यांनी."

मग तिनं कुंदाचं सांगितलं. चौदा महिने पोर बालगृहात होती. सुमेधाताईंनी हेलपाटे घालून सोडवून आणली, तेव्हा ती शालूला आई म्हणेना. बाई म्हणायची. हळूहळू आई म्हणायला लागली. पण तिकडे कुणीतरी तिच्या कानात घातलं होतं की तुला या बाईनं कुठून तरी उचललीय. आता ती बारा वर्षांची होती. शाळेच्या दाखल्यावर आईच्या नावापुढे रेघ होती, कारण बालगृहाच्या कागदावर 'पालक अज्ञात' असं लिहिलेलं. भांडण झालं की कुंदा तोच कागद आईसमोर धरायची.

"माफी नको मला," शालू म्हणाली. "माफीचं काय करू? घरी चला. तिला सांगा."

शालूची खोली बाजारामागेच होती, आणखी दोन बायकांबरोबर भाड्यानं घेतलेली. कुंदा शाळेतून येऊन गृहपाठ करत होती. चेहरा हुबेहूब शालूचा. मंजुळा तिच्यासमोर जमिनीवर बसली आणि पडवीतल्या सकाळीपासून सगळं बोलली. लुगड्यांचा आडोसा, न्हाव्याचं ब्लेड, चहाचं पाणी. "तू उलटी आलेलीस. आदी पाय. तुजी आय वराडत होती, मी मरू दे, पोर जगू दे. या हातांनी तुजी नाल कापली." आणि मग सभेचं, आणि मग त्या हवालदाराचं. यातलं तिनं काही गाळलं नाही.

कुंदानं पेन खाली ठेवलं नव्हतं. तिनं विचारलं, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

मंजुळेनं शालूकडे पाहिलं. शालू दाराशी उभी होती, मदतीला आली नाही.

"ओट्यासाटी," मंजुळा म्हणाली.

"कसला ओटा?"

"म्हावरा इकाचा ओटा. बसाला."

कुंदा वही पुढे ओढून लिहायला लागली.

पुढच्या आठवड्यात सुमेधानं ठाण्याच्या कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्र लिहवून घेतलं. कुंदाचा जन्म, वेळ, जागा, आईचं नाव, साक्षीदार मंजुळा भिवाजी कोळी. वकिलानं विचारलं, एवढं पुरे ना? मंजुळा म्हणाली, नाय, सभेचा पन लिवा. वकील म्हणाला, त्याची गरज नाही आजी, उगाच अंगाशी येईल. ती उठेना, म्हणून त्यानं तेही लिहिलं. तिनं अंगठा उठवला. वर्षभरानं कुंदाच्या दाखल्यावर आईचं नाव लागलं.

मंजुळेनं शालूला विचारलं होतं, "मदी मदी येत जाऊ का गो?" शालूनं थोडा विचार करून सांगितलं, "नका येऊ मावशी. तुमी दिसलात की मला ते पाणी शिंपडताना दिसतं." हंसालाही शालूला भेटायचं होतं. मंजुळेनं तो निरोप पाठवला. उत्तर आलं नाही. ती पुन्हा कल्याणला गेली नाही.

बाजारात तिनं सगळ्यांना सांगितलं. अकराजणींना नवं काहीच नव्हतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हावऱ्याकडे वळल्या. हरिहर शेठ आता दुकानात नुसता बसून असायचा, मुलगा धंदा बघायचा. मंजुळेनं त्यालाही जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "मावशी, खरं सांगू? तुम्ही पुढचं सांगितलं असतं, तरी मी विरोध केलाच असता." तो तिला धीर द्यायला म्हणाला असावा. तिला त्यानं काही बरं वाटलं नाही.

नव्याण्णव साली बाजार उठल्यावर रिकाम्या ओट्यांवर पाच-सहा बेघर बाया झोपायला लागल्या. वर पत्रे होते, फरशी स्वच्छ होती. सकाळी उठून त्या फरशी धुऊन जायच्या. तरी कोळणींची कुरकूर सुरू झाली, ओटे बाटतात म्हणून. हरिहर शेठचा मुलगा अर्ज घेऊन आला. बाजाराला जाळीचं दार आणि कुलूप पाहिजे. मंजुळेचा ओटा पहिला, म्हणून कागद आधी तिच्यापुढे आला.

"मी नाय अंगठा देनार," ती म्हणाली.

"का हो आजी? तुमच्याच सोयीचं आहे."

"माज्या ओट्यावर झोपू दे त्यांना."

"एकट्या तुमच्या ओट्याचं काय? दार सगळ्या बाजाराला लागणार."

ती बोलत राहिली. शेजारणींना समजावत राहिली, अगदी पूर्वीच्या आवाजात. गिऱ्हाईक थांबून बघायला लागलं. दोघी-तिघी मान खाली घालून ऐकत होत्या, आणि एकीनं तर हात मागेही घेतला होता. पण शेवटी अकरा अंगठे उमटले. महिन्याभरात जाळीचं दार बसलं आणि किल्ली हरिहर शेठच्या दुकानात राहायला लागली.

त्या बाया पुन्हा फळ्यांखाली गेल्या. मंजुळा सकाळी त्यांच्या वाटेनं यायला लागली. कुणी जागी असायची, कुणी झोपलेली. जागी असेल तिला ती नाव विचारायची.